अंगठा लावला आणि शेत गेलं : दापुऱ्याच्या फसवणुकीतून गाडगेबाबा कसे घडले

अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूर तालुक्यात दापुरा नावाचं गाव आहे. पूर्णेच्या खोऱ्यातली काळीभोर जमीन. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी इथे चंद्रभान नावाचा शेतकरी राहायचा. घरची शेती, बैलजोडी, राबणारी माणसं, सगळं व्यवस्थित होतं. त्याने सावकाराकडून कर्ज घेतलं. त्या काळात वऱ्हाडात कर्ज न घेतलेला शेतकरी शोधावाच लागला असता, त्यामुळे यात नवल काही नव्हतं.

चंद्रभानला लिहिता-वाचता येत नव्हतं. पीक आलं की तो सावकाराकडे भरणा करायचा, पण पावती मागायचा नाही. सावकार ओळखीचा, नेहमीच्या उठबशीतला, गोड बोलणारा. त्याने पुढे केलेल्या कागदावर चंद्रभान अंगठा लावायचा. कागदात काय लिहिलंय ते फक्त सावकाराला माहीत असायचं. कर्ज फिटत आलं असेल अशा समजुतीत घर होतं, आणि एक दिवस कळलं की कर्ज तसंच उभं आहे आणि शेत सावकाराच्या घशात गेलंय.

हा धक्का चंद्रभानला सोसला नाही. थोड्याच दिवसांत तो गेला.

त्याच्या घरात एक भाचा वाढत होता. देबू. त्याने हे सगळं डोळ्यांनी पाहिलं. पुढे हाच देबू हातात झाडू आणि डोक्यावर फुटक्या गाडग्याचं खापर घेऊन अख्खा महाराष्ट्र पालथा घालणार होता.

गाडगेबाबा म्हटलं की आपल्याला स्वच्छता आठवते. शाळेत झाडू घेतलेलं चित्र असतं, ग्राम स्वच्छता अभियानाला त्यांचं नाव आहे, वर्षातून एकदा फोटोला हार घातला जातो. पण त्यांचं आयुष्य नीट पाहिलं तर झाडूइतकाच ठळक आणखी एक धागा दिसतो. साधा माणूस फसतो कसा, हे या माणसाने उभं आयुष्य समजून घेतलं आणि गावोगाव समजावून सांगितलं. आज अमरावती-अकोल्यात कुणाच्या तरी खात्यातून रात्रीतून पैसे उडतात, कुणाला व्हिडिओ कॉलवर खोटा पोलीस धमकावतो, तेव्हा त्याची मुळं थेट दापुऱ्याच्या त्या शेतापर्यंत जातात.

शेणगावचा देबू

देबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा. गाव शेणगाव, तालुका अंजनगाव सुर्जी, जिल्हा अमरावती. परीट समाजातलं घर. वडील झिंगराजी, आई सखुबाई.

झिंगराजी मूळचा व्यसनी नव्हता. देवाला नवस, नवसाला बकरं, बकऱ्याबरोबर दारू, अशी रीत होती. रीत म्हणून पहिला घोट गेला आणि मग सुटला नाही. सोबतीचे लोक होतेच. घरदार, जमीन सगळं हळूहळू दारूत गेलं आणि १८८४ मध्ये झिंगराजी वारला. देबू तेव्हा ८ वर्षांचा होता. सखुबाई लेकराला घेऊन माहेरी दापुऱ्याला आली, आजोबा हंबीररावांच्या घरी. चंद्रभान हा तिचा भाऊ.

मामाच्या घरी देबू गुरं राखू लागला. शाळेचं तोंड त्याने पाहिलं नाही. पण शेतीत त्याचा हात असा बसला की गावातली जुनी माणसं त्याच्या वखरणीचं कौतुक करायची. रात्री भजनाला बसायचा. जातीपातीचा विचार न करता सगळ्यांबरोबर जेवायचा, त्यावरून बोलणीही खायचा. १८९२ मध्ये कुंताबाईंशी लग्न झालं.

इथे वऱ्हाडाची तेव्हाची परिस्थिती थोडी समजून घ्यायला हवी. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं आणि तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. मग इंग्रजांची नजर वऱ्हाडाच्या कापसावर गेली. रेल्वे आली, अमरावती, अकोला, खामगावच्या कापूस बाजारात पैसा खेळू लागला. शेतकऱ्याच्या हातात रोकड आली तशी गरजही रोकड झाली. बियाणं, सारा, लग्नकार्य, सगळ्याला नगद लागायची आणि ती मिळायची सावकाराकडे. भाव पडला की कर्ज वाढायचं. कोर्टकचेरी इंग्रजांची आणि तिथे चालायचा तो कागद. ज्याला कागद वाचता येत होता, त्याच्या बाजूने कायदा उभा राहायचा.

म्हणजे व्यवहाराची पद्धत नवी आली होती, पण ती कशी चालते हे निम्म्याहून जास्त लोकांना कुणी सांगितलंच नव्हतं. मोबाइलवरच्या बँकेचं आज हेच झालंय.

शेतात उभा राहिलेला भाचा

चंद्रभान गेल्यावर सावकार शेताचा ताबा घ्यायला माणसं घेऊन आला. गावाला वाटलं, आता हे घर संपलं. पण देबूजी नांगर धरून शेतात उभा राहिला आणि हलला नाही. अंगाने धिप्पाड, कष्टाने घडलेला गडी. मारहाणीपर्यंत गोष्ट गेली. त्या दिवशी सावकाराच्या माणसांना हात हलवत परत जावं लागलं. सावकाराला कुणी असं अडवू शकतं, हेच गावाने पहिल्यांदा पाहिलं.

ही हकिगत बाबांच्या चरित्रांमध्ये शौर्याची गोष्ट म्हणून येते. पण त्याहून महत्त्वाचं आहे ते त्याने यातून काय उचललं. गुंड आडवे करता येतात, कागद आडवा करता येत नाही, हे देबूजीला त्या वयात कळलं. मामाला कुणी मारून लुटलं नव्हतं. मामाने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या अंगठ्याने शेत देऊन टाकलं होतं.

ऑनलाइन फसवणुकीची गंमत, खरं तर गंमत कसली, दुर्दैव म्हणा, नेमकं हेच आहे. सिनेमात दाखवतात तसा कुणी हॅकर अंधाऱ्या खोलीत बसून बँकेची भिंत फोडतो, असं सामान्य माणसाच्या बाबतीत फार क्वचित होतं. बहुतेक वेळा आपणच दार उघडतो. ओटीपी आपण सांगतो, लिंकवर आपण बोट ठेवतो, यूपीआयचा पिन आपण टाकतो. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच लागत नाही, तो पैसे पाठवताना लागतो. एवढी एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत असती तर जुनं फर्निचर विकताना खात्यातूनच पैसे गेले, असले किस्से घडलेच नसते.

अंगठ्याचा धोका तर शब्दशः परत आलाय. आधारवर चालणाऱ्या पैसे काढण्याच्या सोयीत बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा एवढ्यावर गावातल्या केंद्रातून रक्कम मिळते. ओटीपी लागत नाही. सोय चांगली आहे, विशेषतः बँक १५-२० किलोमीटर लांब असलेल्या गावांसाठी. पण तेलंगण आणि आंध्र प्रदेशात पोलिसांनी पकडलेल्या टोळ्यांनी काय केलं होतं, तर जमीन खरेदी-विक्रीच्या दस्तांवरचे अंगठ्याचे ठसे उचलले, त्यांच्या नकली रबरी चकत्या बनवल्या आणि लोकांची खाती रिकामी केली. ठसा कुठून उचलला? जमिनीच्या कागदावरून. चंद्रभानला हे कळलं असतं तर त्याला फार आश्चर्य वाटलं नसतं.

यावर उपाय फुकट आहे. आधारच्या अधिकृत वेबसाइटवर किंवा अ‍ॅपमध्ये बायोमेट्रिक लॉक करण्याची सोय असते. लॉक केलं की ठसा चालत नाही, गरजेला तात्पुरतं उघडता येतं. दोन मिनिटांचं काम आहे आणि ते न केलेलेच लोक जास्त आहेत.

बारशाचे लाडू

घरात मुलगी झाली, तिचं नाव आलोका ठेवलं. बारसं ठरलं. बारशाला भावकीला बकऱ्याचं मटण आणि दारू द्यायची अशी जातीची रीत होती. लोक जमले, पंगत बसली आणि पानात पडले बुंदीचे लाडू. भावकी खवळली. रीत मोडली म्हणून बोलणी झाली. देबूजी बधला नाही. वडील कशाने गेले, हे तो विसरला नव्हता.

चारचौघांचा दबाव फार मोठी चीज आहे. बाप त्यातूनच दारूला लागला होता आणि लेकाने तो दबाव घरच्या मांडवात झुगारला.

आजच्या भामट्यांना ही चारचौघांची ताकद चांगली ठाऊक आहे. शेअर बाजाराच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅप किंवा टेलिग्रामवर एक ग्रुप असतो. तुम्हाला कुणीतरी त्यात टाकतं. १००-१५० लोक असतात. रोज कुणीतरी नफ्याचा स्क्रीनशॉट टाकतं, दुसरा सरांचे आभार मानतो, तिसरा सांगतो की मुलीच्या लग्नाचा खर्च निघाला. तुम्ही एकटेच मागे राहिलात असं वाटायला लागतं. आता हे लक्षात घ्या की त्या १५० मधले बहुतेक नंबर त्याच टोळीचे असतात. खरा माणूस तुम्ही आणि तुमच्यासारखे आणखी चार-दोन. मग एक अ‍ॅप दिलं जातं, त्यात तुमचे ५ हजार ८ हजार झालेले दिसतात, पहिल्यांदा थोडे काढूही देतात. मोठी रक्कम टाकली आणि काढायला गेलात की आधी कर भरा, मग फी भरा असं सुरू होतं. अ‍ॅपमध्ये दिसणारा नफा म्हणजे फक्त पडद्यावरचे आकडे असतात.

फाटका माणूस आणि खोटा साहेब

१ फेब्रुवारी १९०५. पहाटेच्या अंधारात देबूजीने घर सोडलं. अंगावर फाटकी वस्त्रं, हातात काठी आणि मातीचं गाडगं. मागे आई, बायको, लेकरं. हा भाग आजच्या वाचकाला खुपतो आणि खुपायला हवा. कुंताबाईंनी त्यानंतर जे काढलं त्याची दखल फार कमी ठिकाणी घेतली जाते.

पुढची कितीतरी वर्षं हा माणूस गावोगाव भटकला. चिंध्यांची गोधडी पांघरलेली म्हणून कुणी गोधडेबुवा म्हणायचं, कुणी चिंधेबुवा, आणि गाडग्यामुळे शेवटी गाडगेबाबा हे नाव पक्कं झालं. गावात शिरायचं, काही न बोलता रस्ते झाडायचे, कुणाचं लाकूड फोडून द्यायचं, मिळाली तर भाकरी खायची. संध्याकाळी कीर्तन.

कीर्तनाच्या गावी एक प्रसंग पुन्हा पुन्हा घडायचा, असं सांगतात. मंडप सजलेला असायचा, मंडळी गाडगेबाबांची वाट बघत असायची आणि मंडपाशी आलेल्या एका कळकट माणसाला कार्यकर्ते हाकलून द्यायचे. थोड्या वेळाने कळायचं की हाकलला तोच कीर्तनकार होता. मग धावाधाव आणि माफी. बाबांना मात्र पाया पडलेलं अजिबात खपायचं नाही. कुणी वाकलं की ते काठी उगारायचे किंवा पळून जायचे. आपण कुणाचे गुरू नाही आणि आपला कुणी शिष्य नाही, हे त्यांनी वेळोवेळी स्पष्ट केलं होतं.

कपडे पाहून माणूस ओळखायची आपली सवय जुनी आहे आणि ती दोन्ही बाजूंनी नडते. चिंध्यांतला खरा माणूस आपण हाकलतो आणि वर्दीतल्या खोट्याला साहेब म्हणतो. डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकार याच सवयीवर उभा आहे. व्हिडिओ कॉल येतो. समोर पोलिसाची वर्दी, मागे भिंतीवर राजमुद्रा, टेबलावर फायली. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुमच्या आधारवरून काळा पैसा फिरला, असं सांगितलं जातं. कॉल बंद करायचा नाही, घरात कुणाला सांगायचं नाही, आणि चौकशी होईपर्यंत पैसे अमुक खात्यात ठेवायचे. शिकलेली माणसं, निवृत्त अधिकारी, डॉक्टर यात अडकलेत. कारण साधं आहे, यांना वर्दीचा आदर करायची सवय असते.

भारताच्या कोणत्याही कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या मन की बातमध्ये हे जाहीरपणे सांगितलं. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत आणि जामिनासाठी यूपीआय मागत नाहीत. फोन ठेवायचा आणि जवळच्या ठाण्यात स्वतः जाऊन विचारायचं. घरात कुणाला सांगू नका, असं जो सांगतो तो चोर आहे, एवढं धरून चाललं तरी पुष्कळ आहे.

ऋणमोचन

अमरावती जिल्ह्यात पूर्णेच्या काठी ऋणमोचन नावाचं तीर्थक्षेत्र आहे. नावातच कर्जातून सुटका. पौष महिन्यात दर रविवारी तिथे यात्रा भरते. नदीत उतरायला धड वाट नव्हती, चिखलात लोक घसरायचे, म्हातारीकोतारी पडायची. १९०८ च्या सुमारास बाबांनी तिथे घाट बांधायला घेतला. पुढे यात्रेत अंध, अपंग, निराधारांना जेवण सुरू केलं.

सावकाराच्या कागदाने घर बुडालेल्या माणसाचं पहिलं मोठं काम ऋणमोचनला व्हावं, हा योगायोग आहे. पण तिथे स्नान करून कर्ज फिटतं यावर मात्र बाबांचा काडीचा विश्वास नव्हता. कर्ज काढू नका, काढलं तर हिशेब ठेवा, सण आणि लग्नासाठी तर मुळीच काढू नका, हे त्यांच्या कीर्तनातलं ठरलेलं पालुपद होतं.

आज वऱ्हाडात सावकार संपलेत असं नाही. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी कायदा आहे. परवान्याशिवाय सावकारी गुन्हा आहे आणि बेकायदा सावकाराने हडपलेली जमीन परत देण्याचा आदेश जिल्हा उपनिबंधक देऊ शकतात. चंद्रभानच्या वेळी असं दार नव्हतं. पण नवा सावकार मोबाइलमध्ये आलाय. ५ मिनिटांत कर्ज देणारी अ‍ॅप. कागद नको, जामीनदार नको. घेताना ते फक्त एक परवानगी मागतात, तुमच्या फोनमधले सगळे नंबर आणि फोटो बघण्याची. अंगठा लावला जातो. १० हजार मागितले तर ६-७ हजार हातात येतात, आठवडाभरात पूर्ण वसुली सुरू होते आणि उशीर झाला की तुमचे घाणेरडे बनावट फोटो भावकीत, मैत्रिणींना, ऑफिसात फिरतात. यामुळे लोकांनी जीव दिलेत.

रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये डिजिटल कर्जाचे नियम आणले. कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात यायला हवी, व्याज आणि सगळे खर्च मिळून एकूण किती पडतात ते एका पत्रकात आधी लिहून द्यायला हवं, आणि अ‍ॅपने फोनमधल्या फायली, फोटो, संपर्कांची यादी यांना हात लावायचा नाही. कर्जाचं अ‍ॅप संपर्कांची परवानगी मागतंय म्हणजे ते परतफेडीची नाही, तुमच्या अब्रूची तयारी करतंय.

कीर्तनातले प्रश्न

बाबांचं कीर्तन इतर कीर्तनकारांसारखं नव्हतं. ठेवणीतली वऱ्हाडी बोली आणि समोरच्या लोकांना सतत प्रश्न. एकच प्रश्न तीन-चारदा, वेगवेगळ्या बाजूंनी. लोक हसत हसत उत्तर देत जायचे आणि शेवटी स्वतःच्याच उत्तरात सापडायचे.

सत्यनारायणाच्या पोथीतली व्यापाऱ्याच्या बुडालेल्या नौकेची गोष्ट ते घ्यायचे. प्रसाद घेतल्यावर बुडालेली नौका वर येते, हे श्रोत्यांकडून कबूल करून घ्यायचे. मग म्हणायचे की महायुद्धात एवढी जहाजं समुद्राच्या तळाशी गेलीत, एक पूजा घालून ती सगळी वर काढू या, देशाचा केवढा फायदा होईल. मंडपात हशा पिकायचा. कुणाला शिव्या नाहीत, पोथीवर बंदी नाही. फक्त दावा उचलून थोडा पुढे नेऊन ठेवायचा आणि तो उभा राहतो का ते बघायचं.

शाळेत न गेलेल्या माणसाची ही पद्धत व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डला जशीच्या तशी लागू पडते. सरकार सगळ्यांना फुकट रिचार्ज देतंय? मग वर्तमानपत्रात एक ओळ का नाही? लॉटरी लागली? तिकीट कधी काढलं होतं? बँक खातं आज रात्री बंद होणार? मग बँकेत जाऊन विचारलं तर बँक नाही म्हणेल का?

गेल्या एक-दोन वर्षांत गावांच्या ग्रुपवर एक नवा प्रकार फिरतोय. पीएम किसानच्या यादीची किंवा लग्नपत्रिकेची, कधी गाडीच्या चलनाची फाइल येते. शेवटी एपीके अशी अक्षरं असतात. पत्रिका ही फोटो किंवा पीडीएफ असते. एपीके म्हणजे अख्खं अ‍ॅप असतं. ते उघडून इन्स्टॉल केलं आणि मेसेज वाचायची परवानगी दिली की तुमचे ओटीपी भामट्याला परस्पर दिसू लागतात. तुमचाच नंबर वापरून तीच फाइल तुमच्या सगळ्या ग्रुपवर जाते. म्हणून ती अनोळखी नंबरवरून येत नाही, ओळखीच्या माणसाकडून येते. चंद्रभानचा सावकारसुद्धा ओळखीचाच होता.

चुकून अशी फाइल उघडली तर आधी फोनचं इंटरनेट बंद करायचं, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं गोठवायचं आणि पैसे गेले असतील तर १९३० या नंबरवर लगेच तक्रार द्यायची. ही देशभराची हेल्पलाइन आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात पळत असतात. पहिल्या तास-दोन तासांत तक्रार गेली तर ते वाटेत अडवता येण्याची शक्यता असते. लोक काय म्हणतील म्हणून दोन दिवस गप्प बसणाऱ्याचे पैसे मात्र तोवर रोकड होऊन गेलेले असतात.

पैसा हातात न धरणारा माणूस

बाबांनी पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा उभी केली, ज्यांना वारीत कुणी उभं करत नव्हतं त्या लोकांसाठी. नाशिक, आळंदी, देहू, मूर्तिजापूर, असं करत धर्मशाळा, गोरक्षण, अन्नछत्रं, शाळा, वसतिगृहं वाढत गेली. लोक त्यांच्या शब्दावर हजारो रुपये द्यायचे. एवढा पैसा आणि एवढा विश्वास एका माणसाभोवती जमला की पुढे काय होतं, याची उदाहरणं आपल्याकडे कमी नाहीत.

बाबांनी हा धोका आधीच ओळखला होता. संस्था विश्वस्त मंडळांच्या ताब्यात दिल्या. मालकी स्वतःच्या नावावर ठेवली नाही आणि घरच्यांचा हक्क येणार नाही असं पाहिलं. स्वतः बांधलेल्या धर्मशाळेतलं अन्न ते स्वतः खात नसत, बाहेर भाकरी मागून खात. घरची माणसं मूर्तिजापूरला झोपडीत राहत होती. १९२३ मध्ये मुलगा गोविंद गेला, तेव्हाही बाबांचं कीर्तन थांबलं नाही. हा कडवेपणा सगळ्यांना पटेल असं नाही.

१९४९ मध्ये चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. तिथे मुलांचं वसतिगृह व्हावं म्हणून. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगे महाराज मिशन स्थापन झालं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९५४ मध्ये कऱ्हाडला सुरू केलेल्या कॉलेजला बाबांचं नाव दिलं.

शिक्षणावर बाबा इतके का अडून बसले याचं उत्तर दापुऱ्यात आहे. ताट विकावं लागलं तर हातावर भाकरी घेऊन खा, बायकोला कमी किमतीचं लुगडं घ्या, पण पोराला शाळेत घाला, असं ते सांगत. पुढाऱ्यांच्या भाषणात हे विद्येचं महात्म्य म्हणून येतं. बाबांच्या डोक्यात त्याचा अर्थ फार व्यवहारी होता. पोराला कागद वाचता आला तर सावकाराला शेत नेता येणार नाही.

आता पोरं वाचतात. घरात स्मार्टफोन त्यांच्याच हातात असतो. पण आजीच्या पेन्शनचं खातं मोबाइलला जोडून देताना ओटीपी म्हणजे घराची किल्ली, हे तिला नीट बसून कुणी सांगत नाही. घाईत सेट करून दिलं की पोरगं पुण्याला निघून जातं.

वांद्र्याचं कीर्तन

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्र्याला पोलिसांसमोर बाबांचं कीर्तन झालं. ते ध्वनिमुद्रित झालं आणि आज इंटरनेटवर ऐकायला मिळतं. आवाज थकलेला, पण प्रश्न विचारायची ढब तीच. बाबांनी स्वतः एकही पुस्तक लिहिलं नाही. त्यांना जाणून घ्यायचं तर हा आवाज आणि प्रबोधनकार ठाकऱ्यांसारख्यांनी लिहिलेली चरित्रं, एवढंच विश्वासाचं साधन आहे.

म्हणूनच त्यांच्या फोटोखाली काहीही छापून फिरवणं सोपं झालंय. २० डिसेंबर आणि २३ फेब्रुवारीला फेसबुक अशा वाक्यांनी भरून जातं. त्यातली काही बाबांची असतील, काही दुसऱ्या संतांची, काही कालच कुणीतरी जुळवलेली. आता तर आवाजही नकली करता येतो. नातेवाइकाच्या आवाजात पैसे मागणारे फोन येऊ लागलेत. अशा वेळी फोन ठेवून त्याच माणसाच्या नेहमीच्या नंबरवर आपण उलटा फोन लावायचा, ही सर्वांत साधी परीक्षा आहे.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. बाबांची तब्येत तोवर ढासळली होती. १४ दिवसांनी, २० डिसेंबरला, मध्यरात्रीनंतर गाडीतून अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाच्या परिसरात त्यांनी प्राण सोडला. समाधी अमरावतीत आहे आणि त्या भागाला आता गाडगेनगर म्हणतात. अमरावती विद्यापीठालाही पुढे त्यांचंच नाव मिळालं. १९७७ मध्ये त्यांच्यावर देवकीनंदन गोपाला हा चित्रपट निघाला आणि डॉ. श्रीराम लागूंनी त्यात बाबा उभे केले.

बाबा गेले तेव्हा त्यांच्यामागे धर्मशाळा, शाळा आणि वसतिगृहांची मोठी मालमत्ता उभी होती. ती विश्वस्तांच्या नावावर होती. बाबांच्या स्वतःच्या म्हणाव्यात अशा वस्तू म्हणजे काठी, गाडगं आणि अंगावरच्या चिंध्या.